दुधापासून तळापर्यंत : समुद्रसिंहाच्या पिल्लांचे शिक्षण

‘माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही’ असे आपण सहज बोलून जातो. माशापुरते ते खरे आहे. पण ज्याचे सगळे पोट समुद्रावर अवलंबून आहे आणि ज्याचा जन्म मात्र जमिनीवर होतो, अशा प्राण्याचे काय? समुद्रसिंह हा असा प्राणी आहे. त्याचे पिल्लू वाळूवर किंवा खडकावर जन्मते, आईचे दूध पिते आणि पहिले काही आठवडे पाण्याला बिचकूनच असते. पुढे कधीतरी याच पिल्लाला साठ-सत्तर मीटर खोल जाऊन, श्वास रोखून, अंधुक प्रकाशात खडकाच्या कपारीतले ऑक्टोपस बाहेर ओढायचे असते. या दोन टोकांमधला प्रवास कसा होतो आणि त्याला किती काळ लागतो, हा या लेखाचा विषय आहे.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असे. ‘सागरी सस्तन प्राणी’ हा भाग अभ्यासक्रमात जेमतेम दोन तासांचा होता. देवमासा, डॉल्फिन, सील यांची वैशिष्ट्ये फळ्यावर लिहायची आणि पुढे जायचे. निवृत्तीनंतर मुलीकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहण्याचा योग आला आणि तिथून कांगारू बेटावरच्या ‘सील बे’ या किनाऱ्यावर दोनदा जाता आले. वाळूत लोळत पडलेल्या समुद्रसिंहांमधून वनरक्षक आपल्याला हळूहळू नेतात. तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरली. जवळजवळ आईच्या निम्म्या आकाराची, अंगापिंडाने भरलेली ‘मुले’ अजून आईला लुचत होती. गायीचे वासरू किंवा शेळीचे करडू या मापाचे झाले की त्याचे दूध कधीच तुटलेले असते. हे बालपण इतके लांब का, या प्रश्नाने मला वाचायला लावले. जे हाती लागले ते इथे मांडतो.

चार दिवस आणि अठरा महिने

आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. सील आणि समुद्रसिंह एकाच मोठ्या गोतातले असले तरी वेगळे. समुद्रसिंहाला छोटे बाह्यकर्ण असतात आणि मागचे वल्ह्यांसारखे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालू शकतो. खऱ्या सीलला हे जमत नाही, तो पोटावर सरपटतो. पाण्यात समुद्रसिंह पुढच्या वल्ह्यांनी, जणू पंख मारीत पोहतो.

दोघांच्या मातृत्वाच्या रीतीही अगदी निराळ्या आहेत. उत्तर अटलांटिकातली हूडेड सील बर्फाच्या तरंगत्या तुकड्यावर पिल्लाला जन्म देते, सुमारे साठ टक्के चरबीचे दूध पाजते आणि अवघ्या चार दिवसांत दूध तोडून निघून जाते. सर्व सस्तन प्राण्यांत हा सर्वांत लहान स्तन्यकाळ. उत्तरेकडची हत्ती-सील साधारण चार आठवडे पाजते. तिचे पिल्लू मग दोनेक महिने किनाऱ्यावर उपाशी राहून, अंगातली चरबी जाळीत, आपले आपणच पोहायला आणि बुडायला शिकते. समुद्रात शिरते तेव्हा त्याला वाट दाखवणारे कोणी नसते.

समुद्रसिंहांचे तसे नाही. इथे आई काही दिवस पाजते, भूक लागली की समुद्रात जाते, पुन्हा परतून पाजते, आणि हा फेरा महिनोन्‌महिने चालतो. कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहांत तो साधारण दहा-अकरा महिने चालतो, गॅलापागोस बेटांवर दोन ते तीन वर्षे. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रसिंहात तो दीड वर्षाच्या आसपास असतो. सील आई मुलाला शिदोरी बांधून देते आणि निरोप घेते. समुद्रसिंहाची आई रोज कामावर जाऊन संसार चालवते. म्हणून तिचे मूल हळूहळू, तिच्या जिवावर, शिकू शकते.

दम धरण्याचे गणित

बुडी मारणे म्हणजे दम धरणे. आपण विहिरीत सूर मारतो तेव्हा छातीत भरून घेतलेल्या हवेवर आपली भिस्त असते. समुद्रसिंहाची भिस्त फुप्फुसांपेक्षा रक्तावर आणि स्नायूंवर अधिक असते. रक्तातले हिमोग्लोबिन आणि स्नायूंतले मायोग्लोबिन ही दोन प्रथिने प्राणवायू धरून ठेवतात. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे ढोबळमानाने वीस मिलिलिटर प्राणवायू साठतो. समुद्रसिंहांत तो साधारण दुप्पट असतो, तर अंटार्क्टिकाच्या वेडेल सीलमध्ये चौपटीच्याही पुढे जातो.

हे कळायला मोठी खटपट करावी लागली. १९६०च्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकन संशोधकाने वेडेल सीलच्या बुड्या मोजण्यासाठी स्वयंपाकघरात पदार्थ शिजायला लावतात तसले एक तासाचे घड्याळ वापरले. घड्याळाबरोबर फिरणाऱ्या, काजळी धरलेल्या काचेच्या चकतीवर दाबाप्रमाणे हलणारी सुई रेघ ओढी. रेघ जितकी आत तितकी बुडी खोल. आज बोटाएवढ्या यंत्रात काही सेकंदांच्या अंतराने खोली आणि वेळ नोंदवला जातो, पण त्याचे मूळ त्या घड्याळात आहे. पुढे १९८० साली कूयमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बुडी ठराविक मिनिटांपलीकडे लांबली की रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू लागते. साठवलेला प्राणवायू संपला आणि शरीर उधारीवर चालले, याची ती खूण. ही उधारी पृष्ठभागावर विश्रांती घेऊन फेडावी लागते. त्या मर्यादेला ‘प्राणवायूवरची बुडीमर्यादा’ म्हणता येईल. जो प्राणी मर्यादेच्या आत राहतो त्याला लगेच पुढची बुडी मारता येते, जो बाहेर जातो त्याचा वेळ फेडीत जातो.

आता पिल्लाची अडचण पाहा. ती दुहेरी आहे. पहिली अडचण आकाराची. प्राणवायूचा साठा वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. लहान प्राण्याचा दर किलोमागचा खर्च मोठ्यापेक्षा जास्त असतो. वजन दुप्पट झाले की दर किलोमागचा खर्च सुमारे सोळा टक्क्यांनी कमी होतो आणि सोळापट झाले की निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे आई आणि पिल्लाने किलोमागे सारखाच प्राणवायू घेऊन बुडी मारली तरी पिल्लाची थैली आधी रिकामी होणार. शिवाय वाढत्या वयाचा खर्च वेगळा.

दुसरी अडचण अशी की साठा मुळात सारखा नसतोच. पिल्लाच्या रक्ताची क्षमता आधी वाढते, स्नायूंतले मायोग्लोबिन मागाहून, सावकाश वाढते. स्टेलर समुद्रसिंह आणि ऑस्ट्रेलियन समुद्रसिंह या दोहोंत हा क्रम आढळला आहे. तालमीतल्या पोराचे अंग एका पावसाळ्यात भरत नाही, तसेच हे. ज्या कामासाठी स्नायू तयार व्हायचे ते काम करूनच ते तयार होतात. आणि काम करायला गेले तर ते पुरेसे तयार नसतात.

चव्वेचाळीस मीटर

या विषयावरचा मला सर्वांत उद्बोधक वाटलेला अभ्यास सील बे येथेच झालेला आहे. शॅनन फाउलर, डॅनियल कॉस्टा, जॉन आर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. सहा महिने, पंधरा महिने आणि तेवीस महिने अशा तीन टप्प्यांवर प्रत्येकी दहा आई-पिल्लांच्या जोड्यांच्या पाठीवर खोलीमापक यंत्रे चिकटवण्यात आली. साठांपैकी नऊ यंत्रे बिघडली, एक्कावन्न प्राण्यांच्या नोंदी हाती आल्या.

सहा महिन्यांची पिल्ले जवळजवळ बुडतच नव्हती. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात डुंबणे, एकमेकांशी मस्ती करणे एवढेच. पंधरा महिन्यांची मुले बरीच पुढे गेली होती. पण तेवीस महिन्यांचे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचे, दूध तुटलेले पोरही सरासरी ४४ मीटरपर्यंतच जात होते. आयांच्या सरासरीच्या ते ६२ टक्के भरते. चौदा-पंधरा मजली इमारतीच्या उंचीइतकी ही बुडी आहे, आणि आईची तेवीस-चोवीस मजल्यांची. तरी हा फरक साधा नाही, कारण ऑस्ट्रेलियाचा समुद्रसिंह तळावर खाणारा प्राणी आहे. वरच्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या तारलीसारख्या माशांवर त्याचे भागत नाही. ऑक्टोपस, माकूल, शेवंड, लहान मुशी, पाकट असा त्याचा आहार तळाशी असतो. मधल्या पाण्यात थांबून त्याला काही मिळत नाही. तळ गाठला तरच जेवण. ज्याचा दम ४४ मीटरचा, त्याच्यासाठी ७० मीटरवरचा तळ असून नसल्यासारखा.

अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटली. मुलांच्या बुड्या उथळ आणि आखूड होत्या, पण तळावर घालवलेला वेळ? मुलांचा सरासरी २.० मिनिटे, आयांचा २.१ मिनिटे. म्हणजे जवळपास सारखाच. हे त्यांना कसे साधले? जाण्या-येण्याचा वेळ वाचवून. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याचे आणि दादरला राहणाऱ्याचे कार्यालयातले तास सारखे असू शकतात, फरक प्रवासात पडतो. समुद्रसिंहाच्या मुलांनी जवळचा, म्हणजे उथळ तळ निवडला आणि बुडीतला जास्तीत जास्त हिस्सा तिथे घालवला. इतकेच नव्हे, तर समुद्रात असताना ती आयांपेक्षा अधिक काळ बुड्या मारीत होती, विश्रांती कमी घेत होती.

हे वाचून कौतुक वाटते, पण संशोधकांनी त्यातून काढलेला अर्थ काळजीचा आहे. मूल आपल्या शरीराची जवळजवळ कमाल वापरीत आहे, हातचे राखून काही नाही. उद्या त्या उथळ तळावरचे भक्ष्य कमी झाले तर अधिक खोल जावे म्हटले तरी दम नाही, आणि अधिक वेळ बुडावे म्हटले तर वेळ आधीच भरलेला. आईकडेही फारशी ढील नसते. कॉस्टा आणि निक गेल्स यांनी त्याच किनाऱ्यावरच्या आयांचा जो अभ्यास केला, त्यात त्यांच्या बहुसंख्य बुड्या हिशेबाने काढलेल्या प्राणवायूच्या मर्यादेबाहेर जाताना दिसल्या. म्हणजे हे सगळे घराणेच उधारीच्या काठावर जगणारे आहे. आईला मोठ्या शरीराची पत तरी आहे, मुलाला तीही नाही.

रक्त पिणारा पाहुणा

साठ्याचा मोठा हिस्सा रक्तात असतो हे एकदा कळले की पिल्लांच्या एका आजाराचा अर्थही नव्याने कळतो. अंकुशकृमी हा शब्द आपल्याला अपरिचित नाही. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या तळपायातून शिरून आतड्यात रक्त पिणारा आणि माणसाला पांढराफटक करून सोडणारा जंत आपल्या खेड्यापाड्यांनी पुष्कळ सोसला आहे. ऑस्ट्रेलियन समुद्रसिंहाचा स्वतःचा असा एक अंकुशकृमी आहे. २०१४ साली त्याला स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. जातिनामातला ‘सँग्विनिस’ हा शब्द लॅटिनमध्ये रक्ताचाच आहे. पिल्लाला तो पायातून मिळत नाही, जन्मल्यावर पहिल्या दुधातून मिळतो. ज्या वसाहतींत तपासणी झाली तिथे जवळपास प्रत्येक पिल्लाला त्याची लागण झालेली आढळली. काही महिन्यांत शरीर त्याला बाहेर घालवते, पण तोवर पिल्लाचे रक्त पातळ झालेले असते आणि अशक्त पिल्ले दगावतात.

सिडनीच्या संशोधकांनी जंताच्या औषधाचे प्रयोग करून पाहिले. औषध दिलेल्या पिल्लांचे रक्त सुधारलेले दिसले. जंगली प्राण्यांना औषध द्यावे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ज्या पिल्लाची पुढची सगळी कमाई हिमोग्लोबिनवर ठरणार आहे, त्याच्या आयुष्याच्या पहिल्याच महिन्यांत त्याचे भांडवल खाल्ले जाते, एवढे नक्की.

शिकवते कोण?

शरीर तयार झाले म्हणजे शिकार आली असे नाही. तळावर भक्ष्य दडलेले असते. दगड उलटावा लागतो, कपारीत मिशा घालून चाचपावे लागते. समुद्रसिंहाच्या मिशा म्हणजे दाट मज्जातंतूंनी भरलेली स्पर्शेंद्रिये आहेत आणि मंद प्रकाशात डोळ्यांइतकाच त्यांचा आधार असतो. ऑक्टोपस पकडला तरी तो चेहऱ्याला विळखा घालतो. त्याला पाण्याबाहेर आणून आपटून फाडावे लागते. हे कौशल्य येते कुठून?

आमच्या गावात मुलांना पोहायला शिकवायची रीत ठरलेली होती. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने किंवा मोठ्या भावाने विहिरीत ढकलायचे. समुद्रसिंहांत ढकलणारा कोणी नसतो. पहिला धडा खेळाचा. आई दोनेक दिवस समुद्रात असते तेव्हा पिल्ले घोळक्याने खडकांतल्या साचलेल्या पाण्यात उतरतात. तिथे ती एकमेकांचा पाठलाग करतात, शेवाळाचा तुकडा तोंडात धरून पळतात, बुडी मारून दगड उचलून आणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो, पण वळणे, थांबणे, श्वास रोखून तोंडाने वस्तू पकडणे या सगळ्याची तालीम त्यात होत असते.

दुसरा धडा सोबतीचा. अलीकडच्या वर्षांत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माद्यांच्या पाठीवर छोटे कॅमेरे बसवले आहेत. आठ माद्यांच्या एकूण ८९ तासांच्या चित्रणावरून त्यांनी समुद्रतळाचे सहा प्रकार ओळखले आणि पाच हजार चौरस किलोमीटरहून अधिक तळाचा नकाशा तयार केला. २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात शेवाळाचे खडक आहेत, शेवाळाची कुरणे आहेत, उघडी वाळू आहे, स्पंज आणि प्रवाळसदृश जीवांनी भरलेले खडक आहेत. बोटीतून यंत्रे सोडून जे काम खर्चिक आणि अवघड होते ते समुद्रसिंहांनी करून दिले. याच पद्धतीच्या चित्रणात पिल्लू आईबरोबर शिकारीच्या फेरीवर गेल्याचेही दिसले आहे. आई तळ धुंडाळते, पिल्लू मागे असते आणि पाहते. याला ‘शिकवणे’ म्हणावे की नुसते ‘बरोबर नेणे’ हा शास्त्रज्ञांचा वाद आहे. आपल्याकडची कितीतरी शिक्षणे मात्र अशीच झाली आहेत. सुताराचा मुलगा रंध्याशेजारी बसून शिकला, त्याला कोणी तासिका घेतली नाही.

सोबतीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मिशांच्या केसांचे रासायनिक विश्लेषण केले की त्या प्राण्याने गेली काही वर्षे कुठे खाल्ले याचा माग लागतो, कारण मिशी हळूहळू वाढते आणि आहाराची खूण जपून ठेवते. सायमन गोल्ड्सवर्दी आणि अँड्र्यू लाउदर यांच्या अशा अभ्यासांतून दिसले की प्रत्येक मादीचे शिकारीचे क्षेत्र ठरलेले असते. कोणी किनाऱ्याजवळ, कोणी दूर खोल पाण्यात, आणि ती सवय वर्षानुवर्षे टिकते. जनुकीय अभ्यास सांगतो की माद्या जिथे जन्मल्या तिथेच बहुधा प्रसवतात, शेजारच्या बेटावरसुद्धा सहसा जात नाहीत. तेव्हा एका वसाहतीतल्या माद्या संपल्या की त्या भागातल्या तळाची ओळखच संपते. दुसरीकडून कोणी येऊन ती जागा भरून काढील ही आशा फार थोडी.

धाकटे भावंड

मग आई दूध कधी तोडते? मूल तयार झाले की तोडते, असे आपल्याला वाटावे. प्रत्यक्षात बहुधा पुढचे पिल्लू आले की तोडते. ऑस्ट्रेलियन समुद्रसिंहाचे प्रजननचक्र प्राणिजगतात चमत्कारिक आहे. ते बारा महिन्यांचे नसून सुमारे साडेसतरा महिन्यांचे असते. या दिवाळीत पिल्लू झाले तर पुढचे पुढल्या वर्षीची दिवाळी ओलांडून, त्यानंतरच्या चैत्र-वैशाखात. त्यापुढचे पुन्हा शरदात. शिवाय वेगवेगळ्या वसाहतींचे वेळापत्रक वेगवेगळे. त्यामुळे पिल्लाचे दूध कधी उन्हाळ्यात तुटते, कधी हिवाळ्यात. वरच्या पाण्यातल्या माशांवर जगणाऱ्या प्राण्याला असे वेळापत्रक परवडले नसते, त्याला सुगीचे महिने गाठावे लागतात. तळावरचे अन्न मात्र बारमाही असते, जरी थोडे आणि कष्टाचे असले तरी. लांब चक्र आणि लांब बालपण यांची सांगड अशी लावता येते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. साडेसतराव्या महिन्यात दुसरे पिल्लू येते. तेविसाव्या महिन्यातही पहिल्याचा दम आईच्या बासष्ट टक्केच असतो. शाळा संपते, पण अभ्यासक्रम संपलेला नसतो. या मधल्या महिन्यांत जे मूल तरते तेच वसाहतीचे उद्याचे मूल.

हा पेच गॅलापागोस बेटांवर आणखी उघडपणे दिसतो. तिथे फ्रिट्झ ट्रिलमिख आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ निरीक्षणे केली आहेत. विषुववृत्ताजवळच्या त्या बेभरवशाच्या समुद्रात आई मोठ्याला दोन-तीन वर्षे पाजते आणि त्यातच धाकटे जन्माला येते. एकाच आईला दोघे लुचू पाहतात. मोठे बळकट असते, ते धाकट्याला ढकलून देते. आई कधी मोठ्याला चावून दूर करते, कधी करीत नाही, आणि मग धाकटे भुकेने मरते. वरकरणी हे क्रौर्य दिसते. पण एल निनोच्या वर्षी गार, सकस पाणी वर येणे थांबते, मासळी खोल जाते किंवा नाहीशी होते. १९८२-८३च्या तीव्र एल निनोत त्या बेटांवर नुकती जन्मलेली पिल्ले मोठ्या संख्येने दगावली. अशा समुद्रात दोन वर्षे वाढवलेले, अर्धेमुर्धे शिकलेले मूल आणि कालचे नवजात यांत आईने कोणाची बाजू घ्यावी? उत्तर दर वर्षी वेगळे असू शकते. तिचे उत्तर समुद्र ठरवतो.

न परतणारी मुले

समुद्रसिंहांची संख्या घटते तेव्हा किनाऱ्यावर मोठी प्रेते दिसतीलच असे नाही. पुष्कळदा इतकेच होते की समुद्रात गेलेली एक-दोन वर्षांची मुले परत येत नाहीत. १९७०च्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत अलास्काच्या पश्चिम भागातले स्टेलर समुद्रसिंह ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटले. कारणांची चर्चा अजून चालू आहे, पण दूध तुटल्यानंतरच्या मुलांना पुरेसे अन्न मिळाले नाही ही शंका त्या चर्चेच्या मध्यभागी राहिली. कॅलिफोर्नियात उलट घडले, तिथे मुले सर्वांच्या डोळ्यांदेखत किनाऱ्याला लागली. २०१३च्या पहिल्या पाच महिन्यांत १,४०० हून अधिक आणि २०१५ मध्ये त्याच काळात ३,००० हून अधिक हडकुळी पिल्ले. आयांना जवळपास तारली आणि सकस मासळी मिळेना, त्या दूर जाऊ लागल्या, दूध आटले. ज्यांना अजून नीट बुडताही येत नव्हते अशी पिल्ले भुकेने स्वतःच पाण्यात उतरली.

ऑस्ट्रेलियन समुद्रसिंह जगात दुसरीकडे कुठेही नाही. चारपंचमांशांहून अधिक दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि उरलेले पश्चिम ऑस्ट्रेलियात. एकोणिसाव्या शतकात कातडी आणि तेलासाठी झालेल्या कत्तलीत टास्मानियाच्या बाजूच्या बास सामुद्रधुनीतल्या वसाहती संपल्या, त्या पुन्हा वसल्याच नाहीत. उरलेल्यांची अवस्था अशी की २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तीन पिढ्यांत, म्हणजे चाळीसेक वर्षांत, जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली. मुशी पकडण्यासाठी तळाशी लावलेल्या जाळ्यांत समुद्रसिंह अडकून गुदमरत होते. २०१०पासून वसाहतींभोवतीचे पट्टे अशा जाळ्यांना बंद करण्यात आले, बोटींवर कॅमेरे बसले आणि जाळ्यात मरणाऱ्यांचे प्रमाण खूपच खाली आले. हे मोठे यश आहे. तरी संख्या पूर्ववत झालेली नाही.

मला वाटते, इथे ४४ मीटरचा तो आकडा पुन्हा समोर ठेवायला हवा. एखाद्या प्राण्याला किती समुद्र लागतो हे आपण बहुधा प्रौढाला विचारून ठरवतो. प्रौढ मादी कुठवर जाते, किती खोल जाते, तेवढा नकाशा आपण रंगवतो. पण वसाहत टिकते की नाही हे ज्याच्यावर ठरते, त्या दोन वर्षांच्या मुलाला तो सगळा समुद्र उपलब्धच नसतो. त्याचा समुद्र उथळ, किनाऱ्याजवळचा आणि लहान. तळ खरवडणारे जाळे एकदा फिरले की स्पंजांचे आणि खडकांचे आडोसे मोडतात, मोठे भक्ष्य निघून जाते. आई खोल जाऊन वेळ मारून नेईल. मूल कुठे जाईल? संरक्षणाची रेघ आखताना आईच्या दमाबरोबर मुलाचा दमही मोजायला हवा, असे त्या खोलीमापक यंत्रांनी सांगून ठेवले आहे.

प्राणिशास्त्र शिकवताना मी ‘स्तन्यकाळ’ या शब्दासमोर फळ्यावर महिन्यांचा एक आकडा लिहीत असे. आज लिहायचा झाला तर शेजारी दुसरा आकडा लिहीन : दूध तुटल्यापासून स्वतःच्या दमावर पोट भरेपर्यंतचे महिने. पाठ्यपुस्तकात त्या काळाला वेगळे नाव नाही. समुद्रसिंहाच्या जातीचे भवितव्य मात्र त्याच बिननावाच्या महिन्यांत, चौदा-पंधरा मजले खोल, दोन मिनिटांच्या हप्त्यांनी ठरत असते.